न येणारा केक

“केतके! ए केतके! ह्या तीन पुड्यांतली पीठ फुगवायची पुडी कुठली गं?”

आतल्या खोलीत केतकी पलंगावर पडून होती. मी ओट्यापाशी उभी होते. पुढ्यात अंडी, साखर, मैदा, लोण्याची वडी आणि पाटीभर लालभडक स्ट्रॉबेरी. खांद्यावर निहार, माझा नातू, जेमतेम दीड महिन्याचा. त्याला थोपटत मी पुन्हा हाक मारली.

“अगं, तिन्ही पुड्या सारख्याच दिसतायत. वरचं जर्मन मला कुठलं वाचता यायला? एक फोडून चाटून बघू का?”

बऱ्याच वेळानं, भिंतीकडं तोंड करून बोलल्यासारखा आवाज आला.

“आई, काय चाललंय तुझं?”

“केक करतेय.”

“कसला केक?”

“तो तुझा. मधे खोलगट, वर फळं लावलेला. फोटो पाठवायचीस बघ. आज चारला सुईणबाई येणार. दर वेळी बिचारी आपल्या घरातनं कोरड्या तोंडानं जाते. बरं दिसतं का ते?”

“त्याचा तळ खाली दुकानात तयार मिळतो. हर्षदला सांग.”

“तयार कशाला? घरात सगळं आहे की. तू नुसती पुडी सांग.”

“मला पडू दे, आई.”

पलंग करकरला. तिनं कूस बदलली होती.

मी कमल सणगर, कोल्हापूरची. राजारामपुरीत माझी मेस होती. गावोगावची कॉलेजची पोरं जेवायला यायची, मला मावशी म्हणायची. नवरा अपघातात गेला तेव्हा केतकी पाचवीत होती. घरात लग्नकार्याची मोठी पातेली पडून होती, त्यांनीच आम्हा दोघींना तारलं. गॅस संपो, भाकरीवाली दांडी मारो, रस्त्यात गुडघाभर पाणी साचो, माझ्याकडचं ताट कधी थांबलं नाही. पोरं म्हणायची, मावशीला ‘नाही’ हा शब्दच येत नाही. ते खरं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. केतकी शिकली, शिष्यवृत्तीवर जर्मनीत मारबुर्ग नावाच्या डोंगरातल्या गावी गेली, तिथंच नोकरीला लागली. तिथंच तिला सोलापूरचा हर्षद भेटला. तिचं बाळंतपण करायचं म्हणून मी मेस बंद केली, डिंक, अळीव, बाजरीचं पीठ असं सगळं बांधून घेतलं आणि विमानात बसले.

बाळंतपण सुखरूप झालं. पहिले काही दिवस बरे गेले. मग केतकी हळूहळू मिटत गेली. बोलणं कमी झालं, मग हसणं गेलं, मग नुसतं पडून राहणं सुरू झालं. रडली असती तर मला कळलं असतं काय करायचं ते. ती रडतही नव्हती. बाळ छातीशी दिलं की पाजायची, पण डोळे खिडकीबाहेर. पोट भरलं की हात लांब करून म्हणायची, “घे.” पुढ्यात ठेवलं तर दोन घास खायची, नाही ठेवलं तर मागायची नाही.

आम्ही दोघं जिवाचं रान करत होतो. बाळाला तेल, आंघोळ, शेक, धुरी, झोपवणं माझ्याकडं. कपडे, बाजार, भांडी हर्षदकडं. तिनं हात लावावा असं एकही काम आम्ही घरात शिल्लक ठेवलं नव्हतं. डिंकाचे लाडू झाले, अळिवाची खीर झाली, शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी झाली. माझ्याकडं जेवढी विद्या होती तेवढी सगळी मी ताटात वाढली. पोरगी मात्र दिवसेंदिवस विझत चालली.

त्या देशातली एक गोष्ट मला फार आवडली. बाळंतीण घरी आली की सुईण घरी येऊन बघून जाते. आमची सुईणबाई पन्नाशीची, चांगली ताडमाड उंच, सायकलवरून यायची. लाम्बर्ट तिचं आडनाव. तिनं हर्षदला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हे आजारपण आहे, बऱ्याच बायकांना होतं, याला औषध आहे, पण डॉक्टरकडं जायला हवं आणि केतकीनं स्वतःहून जायला हवं. हर्षदनं केतकीला सांगून पाहिलं. ती म्हणाली, “मी वेडी नाहीये. मी फक्त थकलेय.” विषय तिथंच संपला.

केक करायच्या आदल्या दिवशी सकाळी मी निहारला आंघोळ घालून टॉवेलात गुंडाळत होते. केतकी दाराशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, बाळाला बघायला आली.

“आई, तू रविवारी जाशील ना,” ती म्हणाली, “तेव्हा याला घेऊन जा.”

“कुणाला?”

“याला. तुझ्याकडं नीट वाढेल. तुला सगळं येतं. मला नाही जमत.”

एखादी पिशवी घेऊन जा म्हणावं तसं म्हणाली. आवाज चढला नाही की कापला नाही. मी टॉवेलाची गाठ मारली.

“त्याला पासपोर्ट लागेल,” मी म्हटलं.

“हर्षद काढेल.”

आणि ती परत जाऊन पडली.

बाहेरच्या बोळकांडीत हर्षद एका पायात बूट घालून बसला होता. दुसरा बूट हातातच. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“आई, आता काय करायचं?”

माझ्यापाशी उत्तर तयार असतं हे त्यालाही एव्हाना सवयीचं झालं होतं. मी निहारला मांडीवर घेऊन त्याच्याशेजारी टेकले. मग म्हटलं, “हर्षदराव, तुम्ही संध्याकाळी येताना स्ट्रॉबेरी आणा.”

“काय?”

“स्ट्रॉबेरी. चांगल्या पिकलेल्या. आणि तो नागमोडी काठाचा पत्र्याचा साचा भिंतीवर टांगलाय, तिचा तो फळांचा केक करते ना ती त्यात, त्याला काय काय लागतं ते सगळं आणा. उद्या मात्र दुपारी घरी फिरकू नका. चारला या, सुईणबाई येईल तेव्हा.”

“पण आई, ती बाळाला…”

“ऐकलं मी. तुम्ही स्ट्रॉबेरी आणा.”

आता सासूबाईंचंही डोकं फिरलं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण पोरगा गुणाचा. त्यानं दुसरा बूट घातला.

तर त्या दिवशी, “मला पडू दे” म्हणून केतकीनं कूस बदलल्यावर, मी एक पुडी टर्रकन फोडली. ऐकू जाईल अशी.

“फोडली बघ एक! गुलाबी भुकटी निघाली. हीच ना?”

“आई!” या खेपेला आवाज लगेच आला. “तो टोर्टनगुस आहे. तो वरून ओतायचा असतो शिजवून. पिठात नाही घालायचा!”

“घातला की मी चमचाभर.”

“अगं काढ! काढ तो!”

पाठोपाठ फरशीवर पावलं वाजली. केस विस्कटलेले, गाऊनची बटणं वरखाली लागलेली, अशी माझी लेक स्वयंपाकघराच्या दारात आली. किती दिवसांनी ती आपल्या पायानं तिथं आली होती. ओटाभर मैदा सांडलेला, अंड्याचं टरफल साखरेत, पातेल्यात गिच्च गोळा. तिनं पातेल्यात डोकावून पाहिलं.

“हे काय केलंस? अंडी आणि साखर आधी फेटायची असते. मैदा शेवटी. तू सगळं एकदमच ओतलंस?”

“मी भाकरी थापणारी बाई. मला यातलं काय कळतंय?”

ती माझ्याकडं बघत राहिली. जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “ते ओतून टाक. नव्यानं कर.”

“तू सांग, मी करते.”

खिडकीजवळच्या उंच स्टुलावर ती टेकली. एक हात कपाळाला लावून, डोळे अर्धवट मिटून सांगू लागली. अंडी फोड. साखर घाल. आता फेट. मी निहारला त्याच्या वेताच्या टोपलीत ठेवलं आणि फेटायला घेतलं.

“असं नाही, आई. कालवण ढवळल्यासारखं काय ढवळतेयस? हवा शिरायला पाहिजे त्यात.”

“हवा कशी शिरते?”

“अगं…” ती उठली. “सरक. दे इकडं.”

तिनं विजेचं फेटायचं यंत्र हातात घेतलं. घरघर सुरू झाली. पिवळं मिश्रण हळूहळू फिकं होत गेलं, फुलत गेलं, त्याच्या घड्या पडायला लागल्या. तिची नजर त्या घड्यांवर खिळली होती. यंत्र थांबवून तिनं बरोबर पुडी उचलली, मैद्यात मिसळली, वरून चाळून घातली.

“आता हलक्या हातानं,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “फ्राउ हाइनेमान ओरडायची माझ्यावर. हात जड आहे म्हणायची.”

“ही कोण?”

“माझी पहिली घरमालकीण. मी आले तेव्हा तिच्याकडं खोली घेतली होती ना. ती म्हणायची, हा केक म्हणजे आळशी बाईची इज्जत. पाहुणे जिना चढायला लागले की अंडी फोडायची, कोट काढून टांगेपर्यंत तळ भट्टीत, आणि हवापाण्याच्या गप्पा संपेपर्यंत फळं लावून तयार.” तोंडाची एक कड किंचित वर गेली. हसू म्हणता आलं नसतं त्याला, पण होतं काहीतरी. “साच्याला लोणी लाव, आई.”

मी तो साचा घेतला. मधे चौथऱ्यासारखा उंच, कडेनं खोल गल्ली आणि काठ नागमोडी. भाजून पालथा घातला की मधे खळगा आणि भोवती भिंत असा तळ निघतो, त्या खळग्यात फळं बसतात. मी वडीतलं लोणी सरळ बोटांनी घेतलं आणि गल्लीतून फिरवायला लागले. दोन्ही हातांनी. मनगटापर्यंत.

तेवढ्यात टोपलीत निहार कुरकुरला. मग रडायला लागला.

“केतकी, घे त्याला.”

“तू घे.”

“माझे हात बघ. घसरेल पोरगं.”

“मग धू हात.”

“लोणी नुसत्या पाण्यानं जातंय होय?” मी साच्यातून मान वर केली नाही.

निहारनं आवाज चढवला. केतकी ओट्याला पाठ लावून उभी. माझ्याकडं बघितलं, टोपलीकडं बघितलं. पोर लालबुंद झालं. माझी बोटं त्या नागमोडी काठातून फिरत राहिली. आयुष्यात एवढं लोणी मी कुठल्या भांड्याला चोपडलं नव्हतं, आणि कुठलं रडं ऐकून एवढा वेळ गप्पही बसले नव्हते. आणखी क्षणभर ती हलली नसती तर मीच तसल्या हातांनी धावले असते.

ती हलली. वाकून तिनं त्याला उचललं. स्टुलावर बसून पदराला… गाऊनच तो, पण मला पदरच म्हणावंसं वाटतं, पदराला घेतलं. रडं थांबलं.

मी साचा भरून भट्टीत सारला. घर शांत झालं. बिस्किटासारखा, व्हॅनिलाचा गोड वास दरवळायला लागला. केतकी भट्टीच्या काचेतून आत बघत होती. बाळाकडं नव्हती बघत. पण त्याच्या मानेखाली तिचा हात नीट होता.

“रंग आला,” ती म्हणाली. “काढ आता. थांब, तू राहू दे, तू मोडशील.”

तिनं बाळाला खांद्यावर टाकलं, एका हातात जाड हातमोजा चढवला, साचा बाहेर काढला आणि तसाच एका हातानं जाळीवर पालथा घातला. मला मनातल्या मनात टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. जिंकलीस कमळे, म्हटलं.

साचा उचलला तर भिंतीचा चांगला तळहाताएवढा तुकडा मोडून साच्यातच राहिला.

केतकी त्या खिंडाराकडं बघत उभी राहिली. हातमोजा तिनं हळूच काढून ठेवला.

“बघितलंस?” ती म्हणाली. “असंच होतं. माझ्याकडून सगळं असंच होतं.”

आणि ती रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. उभ्या उभ्या, बाळ खांद्यावर, अंगभर हुंदके. मी धावले, तिला धरून स्टुलावर बसवलं.

“मला त्याच्याकडं बघून काही वाटत नाही, आई. काही म्हणजे काहीच. लोक म्हणतात, बाळाला बघितलं की भरून येतं. मला कुणाचं तरी पोर सांभाळायला दिल्यासारखं वाटतं. आणि भीती वाटते. तू आंघोळीचं पाणी काढतेस ना, ते पाणी बघूनसुद्धा भीती वाटते. मी त्याच्याजवळ एकटी नको असं वाटतं. म्हणून म्हटलं घेऊन जा. तो तुझ्याकडं वाचेल.”

इथपर्यंत सगळं मी योजल्याप्रमाणं चाललं होतं. हे मी योजलं नव्हतं. कुणी अडलं, कुणी पडलं की मला बोलायला शब्द सापडतात, हातांना काम सापडतं. त्या वेळी एकही शब्द सापडला नाही. बाईच्या जातीला असं होत असेल, चार दिवसांत जाईल, देवाला नवस बोलू, असलं काही मी बोलू शकले असते. जिभेवर आलंही होतं. पण ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, तिच्यापुढं खोटं बोलवेना.

“पोरी,” मी म्हटलं, “मला नाही येत हे.”

“काय?”

“याला काय करतात, मला नाही ठाऊक. तुझी शपथ, नाही ठाऊक. लाडू करून बघितले, खीर करून बघितली. आता माझ्याकडचं संपलं.”

तिचे हुंदके थांबले. डोळे पुसायचंही तिला सुचलं नाही.

“तुला नाही ठाऊक?”

“नाही.”

“मग कुणाला ठाऊक आहे?”

“सुईणबाई म्हणते, डॉक्टरला.”

निहार तिच्या खांद्यावर झोपला होता, तोंड उघडं, दुधाचा ओघळ तिच्या गाऊनवर. ती बराच वेळ त्याला धरून बसली. मग उठली, त्याला टोपलीत ठेवलं, अंगावर दुपटं ओढलं. मी हात पुढं केले नाहीत.

“हे मोडलं त्याचं काय करायचं?” मी केकाकडं बोट दाखवलं. आता खरंच मला कळत नव्हतं.

“काही नाही. तुकडा परत लावायचा. वर गुस ओतला की धरून राहतं.” तिनं नाक ओढलं. “स्ट्रॉबेरी धुतल्यास का?”

आम्ही दोघी बसलो. मी देठ काढून दिले, तिनं त्या मधोमध चिरल्या. खळग्यात आधी जाडसर व्हॅनिलाची खीर पसरली, तीही पुडीतलीच, आणि कडेपासून आत अशा लाल पाकळ्या रचत गेली. मोडका तुकडा साच्यातून सोडवून जागेवर टेकवला. मग तो गुलाबी गुस साखरपाण्यात उकळला आणि चमच्या चमच्यानं मधून कडेकडं सोडला. बघता बघता तो थिजला. पाकळ्या काचेखाली ठेवल्यासारख्या चमकायला लागल्या. मोडलेल्या जागी गुसाचा एक घट्ट थेंब साचला होता. दिसत होतं मोडलेलं. पण धरून राहिलं होतं.

चारला हर्षद आणि सुईणबाई बरोबरच आले. टेबलावर केक, चार बशा, आणि केस बांधून खुर्चीत बसलेली बायको बघून हर्षद दारातच थबकला. मी डोळ्यांनीच त्याला दटावलं, तसा तो निमूट येऊन बसला.

सुईणबाईनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसरा तुकडा तिनं मागून घेतला. मग बशी बाजूला सारून, घाई न करता, तिनं केतकीला काहीतरी विचारलं. केतकी टेबलाकडं बघत होती. एकदा माझ्याकडं बघितलं. मग बोलायला लागली. जर्मनमधे, हळू, थांबत थांबत, बराच वेळ. मला एक अक्षर कळत नव्हतं. फक्त त्या देशात राहून एक शब्द कानात पक्का बसला होता, टेर्मीन. तिथं वेळ ठरवून घेतल्याशिवाय पान हलत नाही. न्हाव्याकडं जायचं तरी टेर्मीन, बँकेत जायचं तरी टेर्मीन. केतकीच्या बोलण्याच्या शेवटी तो शब्द आला.

हर्षदनं हातातला काटा खाली ठेवला. बशीत त्याचा आवाज झाला. सुईणबाईनं केतकीच्या हातावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं तिथंच फोन लावला.

“डॉक्टरची उद्याची वेळ मिळाली,” हर्षद मला म्हणाला.

“मग खावा की,” मी म्हटलं. “केक काय नुसता बघायला केलाय?”

सगळे उठल्यावर मी बशा विसळत होते. केतकी फडकं घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. मी नको म्हणाले नाही. एक बशी पुसून ठेवत ती म्हणाली, “आई, एकतीस डिसेंबरला मेसमधे केक व्हायचा.”

मी नळाची धार मोठी केली.

“मोठ्या पातेल्यात खाली वाळू घालून. तू करायचीस. पोरं म्हणायची, मावशीचा केक बेकरीच्या तोंडात मारतो. मैदा मी चाळून द्यायचे. अंडी एका दिशेनंच फेटायची, हे मला तू शिकवलंस. फ्राउ हाइनेमाननं नाही.”

आता नळ बंद करावाच लागला. ती म्हणाली ते खरं होतं. तसले केक मी किती केले असतील याला हिशोब नाही. ओट्यावर पीठ सांडायला, टरफल साखरेत टाकायला त्या दिवशी मला किती कष्ट पडले ते माझं मला माहीत. हात ऐकत नव्हते. सारखे आपलं आपण नीट करायला जात होते.

“तुला कधी कळलं?” मी विचारलं.

“पहिल्या हाकेला. तू आणि पुडी कुठली म्हणून विचारणार?”

“मग उठलीस कशाला?”

तिनं दुसरी बशी घेतली. पुसत राहिली, कोरडी झाल्यावरही.

“तू आयुष्यात कधी कुणाला ‘मला येत नाही’ म्हणाली नाहीस, आई. मला पोर झालं आणि रोज सकाळी डोळे उघडले की वाटायचं, आईला सगळं येतं, मला काहीच येत नाही. तू बाळाला दोन मिनिटांत गप्प करतेस. मला अर्धा तास लागतो. म्हणून देऊन टाकायचे. आज तू तिकडून ओरडायला लागलीस, मला वाचता येत नाही, मला कळत नाही.” तिनं बशी ठेवली. “म्हटलं, बघावं तरी. काही न येणारी आई दिसते कशी.”

मला वाटलं होतं, मी पोरीला गंडवलं. मी ओल्या हातांनी तशीच उभी राहिले.

“आणि मग दुपारी खरंच म्हणालीस,” ती म्हणाली. “ते नाटक नव्हतं. ते मला कळलं.”

डॉक्टरीणबाईनं गोळ्या दिल्या, आठवड्यातून एकदा बोलायला बोलावलं. एका केकानं कुणी बरं होत नाही. पुढं चांगले दिवस आले तसे वाईटही आले. एखाद्या दिवशी ती पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडायची. पण बाळाला घेऊन जा असं पुन्हा म्हणाली नाही. मी तिकीट पुढं ढकललं. घरात एक नियम केला. बाळाचं जे काही असेल ते केतकी करणार, मी शेजारी बसणार आणि विचारलं तरच बोलणार. आंघोळीला पहिले काही दिवस आम्ही दोघी बसायचो, मग मी दाराशी बसायचे, मग दाराबाहेर. तेल कमी लागलं, टाळू नीट भरली नाही, लंगोट उलटा बांधला, सगळं डोळ्यांनी बघितलं आणि दात ओठ खाऊन गप्प बसले. शंभर माणसांचा स्वयंपाक त्यापेक्षा सोपा.

निघायच्या दिवशी ती तिघं मला सोडायला फ्रांकफुर्टच्या विमानतळावर आली. आत जायची वेळ झाली तसं मी निहारला घेतलं. आता त्याला मान धरता येत होती. छातीशी घट्ट धरलं, आणि त्यानं गळा काढला. मी थोपटलं. झुलवलं. कानाशी गुणगुणले. पाठ चोळली. माझ्याकडचं सगळं करून बघितलं. पोरगं थांबेना, उलट हात पाय झाडायला लागलं. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

केतकीनं हात पुढं केले.

“दे, आई,” ती म्हणाली. “तुला नाही जमत.”

खरंच जमत नव्हतं. मी दिला.